दादाचा होकार

एखाद्याला देवमाणूस ठरवायचं एकदा गावाच्या मनात आलं, की त्या बिचाऱ्याची सुटका नसते. बोरगाव मेघ्याच्या रूपराव भोयरचं असंच झालं होतं. चहाच्या टपरीवर दोन भावांची भांडणं निघाली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "रूपरावाले पाहा जरा. भरत हाय भरत." रूपराव तिथेच बाकावर बसलेला असायचा. तो मान खाली घालून बशीतला चहा फुंकत राहायचा. लोकांना वाटायचं, केवढा हा विनय.

त्याचा मोठा भाऊ अण्णाजी दोन वर्षांपूर्वी फुलकोबीच्या वाफ्यात पाणी देता देता कोसळला. लकवा. हात गेले, पाय गेले, जीभ गेली. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा हलेनात. अर्ध्या मिटलेल्या, अर्ध्या उघड्या अशाच राहिल्या. घास तेवढा कसाबसा गिळता यायचा. तेव्हापासून अण्णाजीला आंघोळ घालणं, कूस बदलणं, पेज भरवणं, घाण काढणं, सगळं रूपराव करत होता. पाठीवर एक जखम होऊ दिली नव्हती त्यानं. तालुक्याच्या डॉक्टरनंसुद्धा पाठ थोपटली होती.

हे सगळं खरं होतं. फक्त लोकांना अर्धंच माहीत होतं.

भोयरांची भाजीची वाडी होती. सकाळी उजाडताच अण्णाजीची बायको चतुराबाई आणि रूपरावाची बायको मंदाबाई टोपल्या घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायच्या, त्या दुपारी परतायच्या. तेवढा वेळ घरात रूपराव आणि दादा. सुरुवातीला तो दादाशी बोलायचा. वांग्यावर कीड पडली, विहिरीचं पाणी उतरलं, असं काहीबाही सांगायचा. पण समोरून हूं नाही की चूं नाही, नजर आढ्याला लागलेली, अशा माणसाशी किती दिवस बोलणार? हळूहळू बोलणं आटलं. कंबर मात्र रोज धरायची. दादा मूळचाच आडव्या बांध्याचा, आणि निपचित पडलेलं माणूस दुप्पट जड होतं.

एका सकाळी नुकतंच बदललेलं धोतर दादानं पुन्हा भिजवलं. रूपराव ते सोडायला वाकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मर ना बावा आता एकडाव. मोकळं कर सगळ्यायले."

बोलला आणि त्यानं जीभ चावली. पण काही झालं नाही. आढं कोसळलं नाही, दादाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी तेच शब्द पुन्हा आले, जरा सोपे होऊन. मग सवयच पडली. ओझं उचलताना माणूस हुंकार देतो, तसा रूपराव दादाला उचलताना "मर" म्हणायला लागला. त्यात राग उरला नव्हता. कोमट पाण्यात फडकं बुडवून तो दादाची पाठ हळुवार पुसायचा आणि तोंडानं म्हणायचा, "मर, मर लवकर." हात खरे होते आणि जीभही खरी होती. दादाला कुठं काय समजतंय, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. भिंतीजवळ बोललेलं कोणाला लागतं?

चतुराबाईचं उलट होतं. ती बाजारातून आली की टोपली टेकवून आधी नवऱ्याजवळ बसायची आणि अख्खा बाजार त्याला ऐकवायची. कोणाची मेथी पिवळी होती, देवळीच्या बाईनं कशी घासाघीस केली, सगळं. "यायले सारं समजते, भाऊजी," ती म्हणायची. "मी बोलली का यायचा श्वास बदलते." रूपराव तिच्याकडे पाहून केविलवाणं हसायचा. वेडी आशा आहे, राहू दे बिचारीला, असं त्याला वाटायचं.

त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर एक दिवस अंगणात लुना येऊन थांबली. लुनावरून एक पांढऱ्या साडीतल्या बाई उतरल्या. एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुलोचनाबाई. तालुक्याच्या डॉक्टरकडून त्यांना अण्णाजीचं कळलं होतं. घरात रूपराव एकटाच होता. बाईंनी अण्णाजीला तपासलं, तळपायावर किल्ली ओढून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि खाटेच्या कडेलाच बसून बोलायला लागल्या.

"माणसाचं हलणंबोलणं बंद पडलं म्हणजे समजणं बंद पडलं, असं नसतं," त्या म्हणाल्या. "कधी कधी आत माणूस पुरता जागा असतो. यांना सगळं समजत असू शकतं."

रूपरावानं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

बाई समजावून सांगत होत्या. मेंदूत सारखी बारीकशी वीज खेळत असते. डोळे मिटून मन निवांत सोडलं की तिची एक संथ लहर येते. मनाला काम लावलं, कठीण गणित घातलं, की ती लहर मोडते. डोक्याला तारा लावून ही लहर कागदावर उमटवणारं यंत्र दवाखान्यात होतंच. आता नागपूरच्या एका कॉलेजातले प्रभाकरराव नावाचे सर सोमवारी दवाखान्यात आपला कॉम्प्युटर घेऊन येणार होते. तो त्या लहरी मोजणार होता. मन निवांत असलं की टीव्हीसारख्या पडद्यावरचा चेंडू वर जाणार आणि मन कामाला लागलं की खाली येणार. वर म्हणजे होय, खाली म्हणजे नाही.

"म्हणजे दादा बोलन?" रूपरावानं विचारलं.

"बोलणं नाही म्हणता येणार. पण विचारलेल्याचं उत्तर देतील. जमलं तर." बाईंनी बॅटरी पिशवीत टाकली. "एक लक्षात ठेवा. सोमवारी आणायच्या आधी यांचं डोकं शिकेकाईनं स्वच्छ धुवा आणि त्यानंतर तेलाचं बोटसुद्धा लावू नका. तेल असलं की तारांना काही पकडता येत नाही. वहिनींना नीट सांगा. कॉम्प्युटर एकच दिवस मिळणार आहे."

"सांगतो," रूपराव म्हणाला.

लुना गेली. रूपराव खोलीच्या दारात उभा राहिला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यानं दादाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. अर्ध्या पापण्यांखाली डोळ्यांचे दोन चंद्रकोरीसारखे तुकडे दिसत होते. सगळं समजत असू शकतं. म्हणजे रोजचं ते. धोतर सोडताना, पाठ पुसताना, तोंडात पेजेचा चमचा घालताना. दादा उद्या उत्तरं द्यायला लागला तर वहिनी काय काय विचारेल, आणि तो काय काय सांगेल?

दुपारी चतुराबाई आली, तशी त्यानं खाटेजवळच तिला सगळं सांगितलं. यंत्राचं, चेंडूचं, होय-नाहीचं. ती ऐकता ऐकता रडली, हसली, नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "आयकलं का? आता तुमीच बोलान." रूपराव बोलत राहिला. तेलाचं तेवढं तो बोलला नाही.

त्याला पक्कं माहीत होतं काय होणार ते. त्यांच्या घरात कोरड्या केसांनी उंबऱ्याबाहेर पडायची रीत नव्हती. कोरडं डोकं सुतकातलं. त्यात आजारी माणसाला चार परक्या लोकांपुढे न्यायचं, तर चतुराबाई काय करणार, हे वेगळं विचारायला नको होतं. रूपरावानं वाईट असं काही केलं नाही. एक वाक्य गिळलं, बस. रात्री त्यानं स्वतःची अशी समजूतही घालून घेतली, आणि तरी त्याला मंदाबाईकडे तोंड करून झोपवेना.

सोमवारी बैलबंडीत गवत पसरून, वर गोधडी टाकून अण्णाजीला दवाखान्यात नेलं. चतुराबाईनं नवऱ्याचं डोकं खोबरेलानं असं चोपडलं होतं की कानामागून ओघळ येत होता. मधोमध भांग पाडला होता. लग्नाला निघाल्यासारखा दादा दिसत होता.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबलावर मळकट पांढऱ्या रंगाची एक बटणांची पेटी आणि छोटा टीव्ही मांडलेला होता. चष्मेवाले, पोक आलेले प्रभाकरराव वायरी जोडत होते. सुलोचनाबाईंनी अण्णाजीच्या डोक्याला हात लावला आणि हात तसाच पुढे धरला. तळवा चकचकत होता.

"हे काय? मी सांगितलं होतं ना, तेल नको म्हणून?"

चतुराबाई गोंधळून एकदा बाईंकडे, एकदा रूपरावाकडे पाहायला लागली. "मले तं... मले कोनी नाई सांगतलं."

सगळ्यांचे डोळे रूपरावावर आले. विसरलो म्हणाला असता तरी भागलं असतं. लोक विसरतात. त्याची जीभ मात्र आधीच हलली होती.

"सांगतलं होतं मी वहिनीले," तो म्हणाला.

चतुराबाईचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं ते मिटलं. दीर खोटं बोलेल हे तिच्या मनात येणं शक्यच नव्हतं. साऱ्या गावानं देवमाणूस ठरवलेला दीर. "सांगतलं असन," ती खाली पाहत म्हणाली. "माह्याच ध्यानात नसन राह्यलं."

बाईंनी स्पिरिटचे बोळे फिरवून पाहिले. रबरी पट्ट्यांची टोपी चढवली, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गाद्या तिच्याखाली बसवल्या. त्या सटकत होत्या. कागदावरच्या लेखण्या पिसाळल्यासारख्या इकडून तिकडे खरडत सुटल्या आणि पडद्यावरचा चेंडू नुसता थरथरत राहिला. प्रभाकररावांनी दुपारपर्यंत डोकं खाजवलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. कॉम्प्युटर संध्याकाळी कॉलेजात परत पाहिजे होता.

"काहीच सांगता येत नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर पुन्हा मिळाला तर पाहू." त्या चतुराबाईला काही टाकून बोलल्या नाहीत. पण बोलल्या असत्या तर बरं, असा त्यांचा चेहरा होता.

परतताना रूपराव कासरा धरून बंडीत पुढे बसला होता आणि त्याला नको तेव्हा नको ते आठवत होतं. तो सतरा-अठरा वर्षांचा असताना दादानं त्याला मेथीच्या वाफ्यावर पाण्याला लावलं होतं. तो पाणी तसंच सोडून देवळीला कुस्त्या पाहायला पळाला. मागं दांड फुटला आणि शेजारच्या पुंडलिकरावांच्या लसणात गुडघाभर पाणी भरलं. संध्याकाळी पुंडलिकराव चार माणसं घेऊन अंगणात आले, तेव्हा दादा पुढे झाला आणि म्हणाला, "पाणी माह्या हातून खुलं राह्यलं. पोराले काई बोलू नका." चारचौघांच्या शिव्या त्यानं उभ्यानं ऐकून घेतल्या. लोक गेल्यावर रूपरावाला एक शब्द बोलला नाही. आपल्या माणसाला बाहेरच्यांपुढे उघडं पाडायचं नाही, हा दादाचा कायदाच होता. आणि रूपरावानं आज त्याच दादाच्या बायकोला भर दवाखान्यात तोंडघशी पाडलं होतं. तोही ऐकत होता. ऐकत असेल तर.

पुढचे दिवस रूपरावाला फार जड गेले. चतुराबाईनं त्याच संध्याकाळी खोबरेलाची बाटली परसात उपडी केली. नवऱ्याचं डोकं तर कोरडं ठेवलंच, स्वतःच्याही केसांना तेल लावणं सोडलं. तिचे केस भुरभुरायला लागले. बाजारात बायका विचारायच्या, अवो, नवरा जिता असताना हे काय रूप? ती सगळ्यांना एकच सांगायची, "माह्या हातानं यायचं नुकसान झालं, बाई. भाऊजीनं सांगूनसनी मी आयकलं नाई." येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे सांगायची आणि रूपराव गोठ्यात नाहीतर विहिरीवर जाऊन बसायचा.

सगळ्यांत वाईट झालं ते वेगळंच. ती बाजारातून यायची, टोपली टेकवायची आणि सरळ चुलीकडे जायची. नवऱ्याजवळ बसणं बंद झालं. एकदा मंदाबाईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "कोन्या तोंडानं बोलू?" दिवसभर त्या खोलीत आता कोणाचा आवाज नसायचा. रूपरावाचं "मर" केव्हाच थांबलं होतं. दादाला समजत होतं की नाही देव जाणे. पण समजत असेल तर त्याच्या आयुष्यात होतं नव्हतं ते बाजाराचं बोलणंही रूपरावानं काढून घेतलं होतं. हे ध्यानात आलं त्या दिवशी रूपरावाच्या हातून पेजेचा चमचा दादाच्या गळ्यावर सांडला. पुसताना त्याला दादाच्या तोंडाकडे पाहायची लाज वाटली.

कितीदा त्यानं ठरवलं, वहिनीला सांगून टाकू. एकदा तर विहिरीवरून तडक चुलीपाशी येऊन उभा राहिला. "वहिनी, ते तेलाचं..."

"तुमी कायले मनाले लावून घेता?" ती फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली. "तुमच्या मागं किती कामं. तुमी सांगतलं, मी विसरली. माह्यं डोस्कंच ठिकानावर नाई राह्यलं." आणि तिनं त्याच्यापुढे भाकर वाढली. त्यानं ती खाल्ली.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं आणि दवाखान्यातून निरोप आला. या वेळी चतुराबाईनं नवऱ्याचं डोकं शिकेकाईनं धुतलं, मग रिठ्यानं धुतलं, मग पुन्हा शिकेकाईनं. वास घेऊन पाहिला. "पाहा बरं भाऊजी, राह्यलं का कुठं?" तिनं विचारलं. रूपरावाला दादाच्या केसांत बोटं घालून पाहावी लागली.

खोली तीच, पडदा तोच. या खेपेला प्रभाकरराव म्हणाले, आधी धडधाकट डोक्यावर यंत्र तपासून घेऊ. रूपरावाचे केस बारीक होते आणि त्याचं डोकं आजकाल कोरडंच असायचं. त्याला खुर्चीत बसवलं, टोपी चढवली. रूपरावाला दरदरून घाम फुटला. मनातलं या टीव्हीवर येणार नाही, फक्त चेंडू हलणार, हे त्याला दोनदा सांगितलं होतं. त्याचा विश्वास बसेना. तो मनात राम राम म्हणत सुटला. पण रामाच्या आडून ते एक वाक्य पुनःपुन्हा डोकं काढत होतं. सांगतलं होतं मी वहिनीले.

"मन निवांत सोडा," प्रभाकरराव म्हणाले. "निवांत. अहो, निवांत म्हणजे दात खाऊ नका."

चेंडू तळाला जो चिकटला तो चिकटलाच. शेवटी प्रभाकरराव वैतागून म्हणाले, "यंत्र ठीक आहे. यांचंच मन जागेवर नाही." सगळे हसले. चतुराबाईसुद्धा जरा हसली. रूपराव टोपी काढून भिंतीला टेकून उभा राहिला.

मग अण्णाजीला त्याच खुर्चीत उशा लावून बसवलं. बाईंनी त्याच्या डोळ्यांवर कापसाच्या घड्या ठेवल्या, टोपी बसवली. लेखण्या या वेळी कागदावर शहाण्यासारख्या चालू लागल्या. सुलोचनाबाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"अण्णाजी, होय म्हणायचं असेल तर मन निवांत सोडा. विहिरीवर सावलीत बसलात असं समजा. नाही म्हणायचं असेल तर मनात शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, असं कमी करत जा. समजलं?"

पडद्यावरचा चेंडू थोडा वेळ मधेच घुटमळला. मग हळूहळू वर सरकू लागला. अर्धा पडदा, पाऊण पडदा, आणि पार वरच्या कडेला जाऊन थांबला.

चतुराबाई उभी होती ती खालीच बसली. बाईंनी विचारलं, "तुमचं नाव रूपराव आहे का?" चेंडू खाली आला. "तुमची भाजीची वाडी आहे?" वर गेला. "आज पाऊस पडतोय?" खाली. प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. सुलोचनाबाईंचा आवाज ओला झाला होता. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं हा माणूस सगळं ऐकतोय."

बाकीच्यांना आनंद झाला होता आणि रूपरावाला, सख्ख्या भावाला, भूमीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

"वहिनी, तुम्ही विचारा काहीतरी," बाई म्हणाल्या. "थकायच्या आत."

रूपरावाला वाटलं, ती विचारेल, कुठं दुखते का, काय खावंसं वाटते. किंवा विचारेल, भाऊजी नीट करते ना तुमचं? त्या प्रश्नाची तो भिंतीला टेकून वाट पाहत होता. चतुराबाई खुर्चीजवळ सरकली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरीनबाई घरी येऊन गेल्या, त्या दिवशी भाऊजी मले तुमच्यापाशी बसूनच सारं सांगून राह्यले होते. तुमी आयकत होते. त्यायनं मले तेलाचं सांगतलं होतं का? मले काई केल्या आठवत नाई. माह्यं डोस्कं फिरलं का काय, एवढं तुमी सांगा."

रूपरावाला ओरडावंसं वाटलं, नको विचारू वहिनी. चेंडू मधोमध उभा होता. जरा खाली गेला. रूपरावानं डोळे मिटले. आता दादा सांगेल, आणि सांगू दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

"वर चाललाय," प्रभाकरराव म्हणाले.

रूपरावानं डोळे उघडले. चेंडू वर चालला होता. आधीसारखा सरळ नाही. अडत, मागं येत, पुन्हा चढत, दम लागलेल्या माणसानं चढण चढावी तसा. वरच्या कडेला पोचून तो तिथेच थांबला.

"होय म्हणताहेत," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सांगितलं होतं."

चतुराबाईनं दोनदा मान हलवली. "मंग मीच विसरली," ती म्हणाली. "बरं झालं. कळलं तं खरं." आणि आपले कोरडे भुरे केस तिनं पदराखाली सारले.

दोन वर्षांनी दादाला बोलता आलं होतं. मागता आलं असतं, रडता आलं असतं, या भावानं मला रोज मर म्हटलं हे सांगता आलं असतं. आणि दादानं काय केलं, तर लसणाच्या वाफ्यात भरलेलं पाणी पुन्हा एकदा आपल्या अंगावर घेतलं. या खेपेला स्वतःच्या बायकोवरचा दोषही त्यानं तसाच राहू दिला, कारण घर रूपरावाच्या हातावर उभं होतं आणि चारचौघांत ते पाडायचं नव्हतं. रूपरावाला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कोणी पायताणानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"नाई वहिनी," तो म्हणाला. "दादा खोटं बोलून राह्यला."

"असं कसं?" प्रभाकरराव दुखावले. "यंत्र चांगलं चाललंय."

"यंत्र बरोबर हाय, सर. दादाच खोटं बोलून राह्यला. माह्यासाठी." रूपराव भिंतीपासून सुटून पुढे आला. "मी तेलाचं सांगतलंच नाई, वहिनी. डॉक्टरीनबाईनं मले नीट बजावलं होतं. मी मुद्दाम नाई सांगतलं."

चतुराबाई त्याच्याकडे वळली. "काऊन, भाऊजी?" तिनं विचारलं. अजूनही तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"दादा बोलन म्हनून. तुमी बाजारात गेल्या का मी त्याले..." इथं त्याला गिळावं लागलं. पण एक वाक्य गिळून काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. "मी त्याले रोज म्हनत होतो, मर. उचलताना, धुताना. रोज. मले वाटे, त्याले समजत नाई."

पडद्यावर चेंडू केव्हाचा खाली कोसळला होता आणि तळाशी थरथरत होता. सुलोचनाबाईंनी तो पाहिला, अण्णाजीच्या डोळ्यांवरच्या कापसाकडे पाहिलं. कापूस ओला झाला होता. "आता राहू द्या," त्या प्रभाकररावांना म्हणाल्या. त्यांनी बटण दाबलं.

चतुराबाई उठली. तिनं रूपरावाकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या डोळ्यांवरच्या घड्या तिनं काढल्या, टोपी सोडवली, कपाळावरून ओघळलेलं मिठाचं पाणी पदरानं टिपलं. "रोज आयकत होते तुमी," ती पुटपुटली. "अन् मी बाजारातल्या गोष्टी सांगत बसत होती." तिनं त्याच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. मग सगळं आवरून झालं तरी ती पाठमोरीच उभी राहिली. तशीच उभी राहून म्हणाली, "बंडीत न्या लागते यायले. माह्या एकटीनं उचलनं होत नाई."

त्यात माफी नव्हती. काम होतं आणि ते करणारा दुसरा कोणी नव्हता.

रूपराव खुर्चीपाशी गेला. रोजच्यासारखा एक हात काखेत, एक गुडघ्याखाली घालायला तो वाकला आणि थांबला. हे शरीर दोन वर्षं तो पोतं उचलावं तसं उचलत आला होता, तोंडात तो एक शब्द घेऊन. त्यानं हात मागे घेतले. दादाच्या डोळ्यांच्या अर्ध्या उघड्या फटींसमोर येईल असं आपलं तोंड नेलं.

"दादा," तो म्हणाला, "उचलू का?"

तारा निघाल्या होत्या. पडदा काळा झाला होता. उत्तर येण्याची कुठली सोयच उरली नव्हती. तरी रूपराव गुडघे टेकून तसाच थांबला, आणि पाठमोरी उभी असलेली चतुराबाई वळून पाहायला लागली की हा माणूस उचलत का नाही.

"विचारलं हाय त्याले," तो तिला म्हणाला. "जरा थांबू."